येसूकाकीचं वैशाखातलं इरलं

मिऱ्याच्या किनाऱ्यावर वाळूत बांगडे सुकवणारी येसूकाकी उभ्या जन्मात उन्हाला घाबरली नव्हती. पण १९३२ सालच्या वैशाखात ती डोक्यावर इरलं घेऊन बसू लागली, भातलावणीला पावसासाठी पाठीवर घेतात तेच इरलं! बायका फिदीफिदी हसत.

आग लावली होती तिच्या पुतण्याने, चिपळूणला शाळामास्तर असलेल्या विश्रामने. आभाळात खूप उंच ओझोन नावाचा वायू असतो, तो उन्हातले जाळणारे किरण अडवतो, आणि अडवता अडवता स्वतःच तुटतो. एवढंच काकीने ऐकलं आणि घरातलं इरलं बाहेर काढलं. तिचा नवरा होडी हाकणारा तांडेल, तो तर उघड्या समुद्रावर होता.

शेवटी विश्राम समजूत घालायला वाळूत आला. "अगं काकी, ऊन प्राणवायूलाही फोडतं. ते तुकडे दुसऱ्या प्राणवायूला चिकटले की पुन्हा ओझोन तयार. रोज तुटतो, रोज जुळतो."

"रोज?" काकीने इरलं आणखी पुढे ओढलं. "आणि मेल्या, एक दिस जुळायचा ऱ्हायला तर?"

विश्रामने एकदा वर पाहिलं, आणि तो गुपचूप तिच्या इरल्याखाली सरकला.