विहिरीच्या चित्रापुढची झाडं

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्याच खोलीत होते. शेराच्या झाडाची एक फांदी वाढून चित्राला टेकली होती, ती विळ्यानं छाटत होते. मालक जिन्यातूनच म्हणाले, "दवाखान्यातनं माणूस आला होता. दादा गेला." फांदीतून पांढरा चीक ठिबकत होता… मी ती पुरी कापली, चिकावर माती दाबली आणि मग खाली आले.

दादा म्हणजे माझ्या मालकांचे थोरले भाऊ. गुलमंडीमागच्या आमच्या घरावर एक पत्र्याची खोली आहे, तिथं ते राहत. दिवसा सिनेमाचे बोर्ड रंगवत आणि उरल्या वेळात स्वतःसाठी चित्रं काढत. त्या खोलीला ते स्टुडिओ म्हणत. आमच्याकडं धाकट्याची बायको थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नाही. पदर कपाळापर्यंत घ्यायचा, आणि काही सांगायचं असलं तर दुसऱ्याकरवी. मी चौथीतून शाळा सुटलेली, मुळातच अबोल, मला ते जड गेलं नाही. मी उंबऱ्याशी ताट आणून बांगड्या वाजवायच्या आणि त्यांनी "ठेव" म्हणायचं, एवढंच आमचं बोलणं.

ते पुन्हा पुन्हा एकच चित्र काढायचे. एक विहीर, काठावर काठ्या आणि धोंडे घेतलेली माणसं, खाली पाण्यात वर बघणारा एक जण. काठावरची माणसं पुरी व्हायची. पाण्यातल्या माणसाचं तोंड आलं की दादा थांबायचे… मग आम्हाला खाली आवाज यायचे. रंग खरवडायच्या सुरीनं कापड टरकावल्याचा, चौकट भिंतीवर आपटल्याचा, शिव्यांचा. एकदा मी ताट घेऊन गेले तर त्यांनी चौकटीचं लाकूड स्वतःच्याच मनगटावर मोडलं होतं. भिंतीवर तांबडे शिंतोडे होते, त्यातला रंग कुठला आणि रक्त कुठलं ते मला कळेना. मालक म्हणायचे, "तू मधी पडू नको. उतरतंय त्याचं डोकं." पण फाटलेलं चित्र गुंडाळून खाली आणायचं काम माझ्याकडं होतं. ते मला मेलेल्या माणसासारखं जड लागायचं.

मला म्हणायचं होतं, फाडू नका. ते म्हणता येत नव्हतं, म्हणून मी झाडं लावली. रंगाच्या रिकाम्या डब्यांत माती भरली. माहेरच्या कुंपणाचा शेर आणला, छावणीकडून घायपात आणलं, शेजारणीनं निवडुंग दिला. दादा कामावर गेले की मी वर जाऊन चित्रापुढं डबे मांडायची. बसून रंगवणाऱ्याचा हात पोचेल एवढीच फट ठेवली. फाडायला उठलं की आधी काटे लागावेत. डबा हलवायचा तर दोन्ही हात लागावेत आणि हातातली सुरी खाली ठेवावी लागावी. तेवढ्यात राग थोडा ओसरेल असं मला वाटलं.

पहिल्या दिवशी दादा वर गेले. मग जिन्यातून मालकांना हाक आली, "तुझ्या बायकोला इचार, ही झाडं हायत का रझाकार? मला माझ्याच खोलीत वेढा घातलाय." मी चुलीपुढं तोंडावर पदर धरून हसले. शहागंजचे एक चाचा त्यांना चौकटी करून देत. ते म्हणाले, "वा पेंटरसाब, स्टुडिओ को तो बाग बना दिया." दादा म्हणाले, "बाग नाय चाचा, कुंपण हाय." म्हणजे त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी एकही डबा हलवला नाही, आणि त्या वर्षात चित्र फाटलं नाही.

पण पाण्यातल्या माणसाचं तोंड तसंच कोरं राहिलं होतं. उन्हाळ्यात एका दुपारी ते काढताना दादांचं डोकं परत फिरलं. वाटेत झाडं होती, तर त्यांनी झाडांवरच सुरी चालवली. घायपाताची पानं चिरली, शेर सपासप कापला. मग अशी किंकाळी आली की मी पोळी तव्यावर टाकून धावले. शेराचा चीक दोन्ही डोळ्यांत उडाला होता. ते आंधळ्यासारखे भिंतीवर आदळत होते. मी धरायला गेले तर त्यांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, दात ओठात घुसला. तसंच खालून तांब्याभर दूध आणलं, त्यांना पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि ते डोळ्यांत ओतलं. नंतर डॉक्टरांनी पट्टी बांधली. नजर वाचेल का, ते त्यांनाही सांगता येईना.

मालक दुकानात जायचे, मग दादांजवळ मीच. त्यांना दिसत नव्हतं. पहिल्या दिवशी मी पदर घेतला, मग लक्षात आलं की तो कुणासाठी घेतला… आणि मी तो खांद्यावर सोडून दिला.

"कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"मी हाय, दादा."

एवढ्या वर्षांत त्यांनी माझा आवाज पहिल्यांदा समोरून ऐकला. मग आपणहून बोलायला लागले. "त्याचं नाव रशीद. मोहरमला ताबुतावर आम्ही दोघं कागदाची फुलं चिकटवायचो. रंग धरायला त्यानंच शिकवलं मला." पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, रझाकार पळाले. ज्या मुसलमानांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं ते गावातच राहिले, आणि गावानं त्यांनाच विहिरीत लोटलं. "मी काठावर हुतो. कुनीतरी हातात धोंडा दिला. मी टाकला. लागला का नाय, ठाऊक नाय. त्यो वर बघत हुता… त्याचं तोंड काढाया घेतलं की माझा हात धोंड्यावानी जड हुतो. मंग फाडतो."

मी म्हणाले, "मंग दरवेळी तुमी त्याला परत मारता की."

ते भिंतीकडं तोंड करून निजले. दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत.

पट्टी सुटली, दिसायला लागलं आणि माझा पदर परत कपाळावर आला. त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही. पण मी शेर पुन्हा रुजवला, आणि त्याच्या आड बसून दादांनी रशीदचं तोंड पुरं केलं. रशीदचे डोळे सुजलेले, लाल, पाणी गळणारे आहेत, पण उघडे आहेत. ते चित्र मग फाटलं नाही. दादांनी दुसरं काढलंही नाही.

दादांच्या तेराव्याला गावाकडून मालकांचे चुलतभाऊ आले. तेही थोरलेच. जेवायच्या आधी वर गेले आणि तिथूनच ओरडले, "हे आधी जाळ. लोक बघतेत का न्हाई?" आम्ही दोघं वर गेलो. त्यांनी एक डबा लाथेनं उलथवला होता आणि सुरी शोधत होते. मी डब्यांच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिले. ते मालकांना म्हणाले, "हिला बाजूला हो म्हन. त्यो काठीवाला माझा बाप हाय."

मी पदर मागं सारला. "व्हय," मी म्हणाले, "अन् त्यांच्या बाजूला धोंडा उचललेला माझा सासरा हाय. त्यांच्यामागं दादा हायत. चित्र जळनार नाय."

ते न जेवता गेले. मालक दारातच उभे होते. इतक्या वर्षांत त्यांनी त्या चित्राकडं कधी नीट पाहिलं नव्हतं. आता ते पुढं आले आणि आपल्या वडिलांच्या तोंडासमोर थांबले… पुष्कळ वेळ. मग खाली बसले, आडवा डबा उभा केला आणि सांडलेली माती ओंजळीनं परत भरायला लागले.