दोन बाजा आणि चार विटा

माझं तिसरं बाळंतपण झालं तेव्हा आमच्या मळ्यातला कांदा काढायला आला होता. बाळ बारा दिवसांचं असताना मी त्याला झोळीत टाकलं आणि कामाला लागले. कोणी बळजबरी केली नाही. हातच कमी होते. दोन-तीन दिवसांनी भरलेली टोपली डोक्यावर घ्यायला जोर लावला आणि अंग बाहेर आलं. गर्भाची पिशवी खाली उतरली की आमच्याकडे असंच म्हणतात. फारसं दुखलं नाही, पण लिंबाएवढं काहीतरी हाताला लागलं. तेव्हा मला वाटलं, आतडंच उतरलं, आता मी जगत नाही.

महिनाभर कोणाजवळ बोलले नाही. आडवं झालं की ते आत जाई, काम केलं की उतरे. केनवडच्या बाजारात मला उकिडवं बसवेना, म्हणून उभ्यानंच कांदे विकत होते. तिथं माझं बाळंतपण केलेली सुईण आली.

"काहून उभी राह्यली वो?"

"असंच."

"असंच कोनी दिवसभर उभं राहत नाही. अंग आलं काय?"

मी मान खाली घातली. बाजार उठल्यावर तिनं मला घरी नेलं, हात धुऊन तपासलं आणि म्हणाली, "दुखनं हाये हे, पाप नाही. कायले लाजते?"

बाभळीच्या सालीच्या कोमट काढ्यानं धुवायला तिनं सांगितलं. "पन हे वरवरचं हाये," ती म्हणाली. "खरं औषध म्हंजे वझं उचलायचं नाही." दुपारी बाजेच्या पायथ्याखाली विटा ठेवून निजायचं. लघवी अडवताना आवळतो तसं अंग आत आवळून धरायचं आणि सोडायचं, सकाळ-संध्याकाळ. शौचाला कुंथायचं नाही, त्यासाठी भाजी आणि पाणी भरपूर. कामाच्या वेळी लंगोटासारखं स्वच्छ फडकं घट्ट बांधायचं.

"घरी कोण ऐकल हे?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आमच्या घरी आली आणि सासूला सगळं सांगितलं. सासू ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मलेबी हाये. हा बाजेवरचा पोरगा झाला तवापासून."

बाजेवर माझा नवरा बसला होता. पंचवीस वर्षं ती बाई तशीच विहिरीचं पाणी ओढत होती आणि एका घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता. मला रडू आलं. ती मात्र लगेच मुलाकडे वळली. "उद्यापासून पानी तू आनशील. टोपल्याबी तूच उचलशील."

"लोक हासतील ना वो माय."

"हासू दे."

तो कावड घेऊन विहिरीवर गेला. लोक खरोखरच हसले. आठवडाभर तो घुश्शात होता, पण पाणी आणत राहिला. दुपारी सासू आणि मी शेजारी-शेजारी, पाय उंच करून पडत असू. शेजारणीनं विचारलं, बाजा अशा तिरप्या काहून? सासू म्हणाली, "आमाले अशीच झोप लागते."

तीन-चार महिन्यांत माझं अंग बाहेर यायचं जवळपास थांबलं. कधी हंडा उचलला की संध्याकाळी खाली ओढल्यासारखं होई, मग वझं जास्त झालं हे मी समजून घेई. सासूचं काही आत गेलं नाही. फार दिवस झाले होते. पण कंबरेचा ठणका कमी झाला आणि लंगोट बांधून ती निवांत बसू लागली. "आधी कोनी सांगतलं असतं तर," एवढंच ती एकदा म्हणाली.

चौथ्या बाळंतपणानंतर मला तिनं सव्वा महिना मळ्याचं तोंड पाहू दिलं नाही. मेथीची भाजी खुडायची वेळ आली होती. मी उठू लागले, तर तिनं दारात खाट आडवी टाकली आणि तिच्यावर बसूनच मळ्यातून आलेली मेथी निवडली.