सातव्या महिन्यातली दाढी

आमच्यात बायको पोटुशी असली की नवरा दाढी करत नाही. पाचवा लागला की बंद. केस कापत नाही, नारळ फोडत नाही, मयताला जात नाही आणि गालाला ब्लेड लावत नाही, ते बाळ पाळण्यात पडेपर्यंत. हुबळीत आमच्या गल्लीत कुणाची दाढी वाढलेली दिसली की बाया त्याच्या बायकोला विचारतात, "कितवा गे?" पोट दिसायच्या आधी दाढीच सगळं सांगते.

ह्यांची दाढी वाढायला लागली तशी माझी झोप उडाली. थोरली लेक आहे, बालवाडीत जाते, पण तिच्या पाठीवर एक राहिलं होतं ते गेलं. पाचव्यातच गेलं. त्या वेळी धाकट्या दिराचं लग्न होतं, फोटो निघणार, लोक काय म्हणतील, म्हणून हे आदल्या दिवशी दुकानात जाऊन गुळगुळीत दाढी करून आले. लग्न झालं, पाहुणे गेले आणि पंधरवड्यात माझं पोट पडलं. दवाखान्यातनं रिक्षात येताना अत्ती, म्हणजे माझी सासू, एवढंच बोलली, "सांगितलं होतं." हे पुढं ड्रायव्हरच्या बाजूला बसले होते. मागं वळून बघितलं नाही त्यांनी. मी बघत होते ना, मान ताठ, कान लाल.

म्हणून ह्या वेळी कुणी सांगायच्या आधीच ह्यांनी देवापुढं हात जोडून शब्द दिला, मी माझ्या तोंडाला ब्लेड लावणार नाही. अत्तीला बरं वाटलं. मलाही वाटलं, खोटं का सांगू, मी पण मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं.

हे गोकुळ रोडला कारखान्यात आहेत. लोखंडी कपाटं बनतात, त्यावर हे फवाऱ्यानं रंग मारतात. पत्र्याची खोली, दिवसभर आत रंगाचं धुकं. आधी तोंडाला रुमाल बांधायचे, मग मालकानं सगळ्यांना रबराच्या काठाचे चांगले मास्क आणून दिले, दोन्ही बाजूला डब्या असतात तसले. तरी हे खोकायचेच. खोकून खोकून बरगडी धरून बसायचे. रुमाल धुताना त्यातनं निळं निघायचं. कपाटं राखाडी रंगाची केली की राखाडी निघायचं. नाकातनं निघायचं ते. मी म्हटलं, मास्क घालता की नाही? म्हणाले, घालतो की, दिवसभर घालतो.

एका रविवारी ते मास्क धुवायला घरी घेऊन आले. मी गंमत म्हणून आपल्या तोंडाला लावून बघितला. असा चिकटून बसला की श्वास घेतला तर आत ओढला गेला. मग म्हटलं, तुम्ही लावा बघू. त्यांनी लावला. मी सहज गालाजवळ बोट नेलं, काठाच्या खाली, दाढीत. त्यांनी श्वास सोडला आणि माझ्या बोटाला वारा लागला. दुसऱ्या गालाला नेलं, तिथं पण वारा. हनुवटीखाली तर भकाभक. वारा बाहेर येतो म्हणजे आतही जातो की. रंगासकट जातो.

"दाढीमुळं बसत नाही हे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"माहीत आहे? कोण बोललं?"

"सुपरवायझर बोलला. दाढी काढ म्हणाला. मी म्हटलं बायको पोटुशी आहे. तो गप बसला. त्याची पण आई आहे."

मला एकदम दम लागला. तसाही लागायचाच सहावा संपताना, दोन पायऱ्या चढले तरी धाप लागायची, पण हा वेगळा होता. एका बाजूला पोटातलं, दुसऱ्या बाजूला ह्यांची छाती, आणि मधे हे केस. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला कोण सांगणार कुठल्या बाजूला जायचं? तपासायला देशपांडे नगरात गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं, नवऱ्यानं दाढी केली तर बाळाला काही होतं का हो? त्या हसल्या. चांगल्या आहेत त्या, पण हसल्या, शेजारची नर्स पण हसली. अशा हसण्यानं भीती जात नाही. उलट वाटलं, ह्या बायांचं काही गेलेलं नाही म्हणून हसतात.

घरी आले, दोन दिवस विचार केला. खोकला चालूच. तिसऱ्या दिवशी अत्ती भाजीला गेल्यावर ह्यांना म्हटलं, "बसा. दाढी करायची."

"वेडी झालीस काय? शब्द दिलाय मी."

"काय शब्द दिलाय? मी माझ्या तोंडाला ब्लेड लावणार नाही, असंच ना? तुम्ही नका लावू. मी लावते."

हे हळू बोलले, इतकं हळू की मला पुढं वाकावं लागलं. "मागच्या खेपेला मीच घालवलं."

आता रडू यावं की राग यावा? मला राग आला. दोन वर्षं हा माणूस हे घेऊन फिरतोय आणि मी पण त्याला फिरू दिलं, एकदा तोंड उघडून बोलले नाही. म्हटलं, "ते माझ्या पोटात होतं. तुमच्या गालात नव्हतं. माझ्या पोटातनं गेलं, का गेलं ते मला ठाऊक नाही, डॉक्टरला ठाऊक नाही, मग तुम्हाला कसं ठाऊक? बसा म्हटलं ना."

बसले.

दाढी मला येते. माझं माहेर अळणावरच्या बाजूला खेड्यात. आमच्या अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, उजव्या अंगावरनं वारं गेलं, तेव्हापासून त्यांची दाढी मीच करायचे, शाळा सुटली त्याच वर्षी. न्हाव्याकडं न्यायला गाडी लागायची आणि त्यांना लाज वाटायची. पहिल्या दिवशी कोरड्या गालावर ब्लेड फिरवून मी त्यांचं रक्त काढलं होतं, तोंड वाकडं झालेलं, ओरडता पण येईना त्यांना. तिथनं शिकले. दाढीत ब्लेडचं काम थोडं, पाण्याचं जास्त.

ह्यांना मागच्या दारी पाटावर बसवलं, मी मागं खुर्चीवर. पोटामुळं वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांचं डोकं माझ्या मांडीवर मागं टेकवलं. आधी कात्रीनं वाढलेली दाढी कापून बारीक केली. मग जुन्या धोतराचा फडका कढत पाण्यात बुडवून पिळला आणि तोंडावर गुंडाळला. निवला की परत बुडवायचा, परत गुंडाळायचा. बोटाखाली केस भिजल्या तांदळासारखे मऊ लागेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही. थोडं खोबरेल चोळलं, वर साबणाचा फेस. रेझरमध्ये नवीन ब्लेड घातलं. डाव्या अंगठ्यानं कातडी वर ताणून धरायची आणि केस जिकडं वाढतात तिकडंच ब्लेड न्यायचं, लहान लहान ओढ, दाबायचं नाही, रेझरच्या वजनानंच जाऊ द्यायचं. प्रत्येक ओढीला मगात बुचकळायचं.

"ओठ दातावर ओढून घ्या." मिशीखालचं झालं.

"आता हनुवटी वर. गिळू नका."

"मरतोय मी इथं आणि ही म्हणते गिळू नका."

"बोलू पण नका."

मास्क बसायचा तर गुळगुळीतच लागते, खुंट ठेवून चालत नाही, म्हणून परत फेस लावला आणि दुसऱ्या खेपेला आडवं नेलं. उलटं नेलं की दुसऱ्या दिवशी पुळ्या येतात आणि पुळीवर रबर बसलं की आग होते. गार पाणी मारलं, तुरटी फिरवली. हे डोळे मिटून पडलेले, दाढीवाचून तोंड असं उघडं पडलं होतं, लहान वाटत होतं.

तेवढ्यात अत्ती आली. पिशवी हातातच. तिला काय दिसलं असेल? माझ्या हातात ब्लेड, ब्लेडपासून वीतभर लांब माझं पोट आणि मांडीवर तिच्या लेकाचं साफ तोंड. ती ओरडली नाही.

"कुणी केली?"

"मी केली, अत्ती. ह्यांनी ब्लेडला हात लावला नाही. ह्यांचा शब्द मोडला नाही."

"शब्द देवाला दिला होता. वकिलाला नव्हे."

हे उठायला लागले, मी खांदा दाबून खाली बसवलं. म्हटलं, "मास्क बसत नव्हता. रंग छातीत जायला लागला होता. बाळ येईल तेव्हा त्याला बाप नको काय?"

"आणि बाळच नाही आलं तर?"

मी रेझर मगात ठेवला. म्हटलं, "तर मला बोला. ह्यांना बोलायचं नाही. रिक्षात पण नाही."

अत्ती आत गेली. दार लावलं नाही, नुसतं पुढं ढकललं.

सातव्यात माझं ओटीभरण होतं. आधीच ठरलेलं, मोडता येत नव्हतं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, मला पाटावर बसवलं. हे पाहुण्यांना पाणी द्यायला आत आले आणि सगळ्या बाया ह्यांच्या गालाकडं बघायला लागल्या. ह्यांची काकू, फार तिखट बाई, ती म्हणाली, "अय्यय्य, यव्वा! आज ओटी कुणाची भरायची? हा तर नवरदेव होऊन आलाय."

बाया हसल्या. एक म्हणाली, "दुसरी बघायला चाललाय वाटतं."

"विचारा की तिलाच," अत्ती म्हणाली. वाकडं नाही, सरळच म्हणाली. मला एकटीला पुढं ढकललं तिनं.

उठता येत नव्हतं, मांडीवर तांदूळ, खण, ते सांडतील. बसूनच बोलले. "मी केली दाढी. एक दिवसाआड मीच करते. कारखान्यात रंगाचं काम आहे, दाढीवर मास्क बसत नाही. मला भीती वाटत नाही असं नाही, काकू. मधलं माझंच गेलं, तुमचं नाही. पण एकाला जगवायला दुसऱ्याला रोज थोडं थोडं मारायचं, हे कुठल्या देवानं सांगितलंय ते मला दाखवा, मी आजपासून ब्लेड टाकते."

माझ्या लेकीनं मधेच तिच्या बापाच्या गालाला हात लावून सांगितलं, "अप्पा आता टोचत नाही." काकू उठली, पदर खोचला आणि ओटी न भरताच निघून गेली. तिच्यामागं आणखी दोघी गेल्या. पाट तसाच, ताट तसंच, आणि अत्ती नारळ हातात घेऊन उभी. मला वाटलं, ही पण जाईल. ती माझ्यापुढं बसली, ओटी भरली, पाच वेळा ओंजळ घातली, सगळी रीत केली. तोंडाकडं बघितलं नाही. मी वाकून नमस्कार केला तेव्हा डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. तेव्हा समजलं मला की ती रागानं गप नाही. ती पण घाबरलीय, माझ्याएवढीच. तिनं पण मागच्या खेपेला नातवंड घालवलंय.

आता आठवा चालू आहे. मी पाणी ठेवलं की अत्ती चप्पल घालते आणि मारुतीच्या देवळात जाऊन बसते. दाढी संपायच्या सुमाराला परत येते, अंगारा आणते, माझ्या कपाळाला लावते, पोटाला लावते. मी लावून घेते. ती तिचं करते, मी माझं करते, दोघी एकमेकीला काही म्हणत नाही. ह्यांचा खोकला कमी झालाय, गेला नाही. पोटातलं एखाद्या दिवशी दुपारपर्यंत हललं नाही की मी भिंत धरून उभी राहते आणि मनात येतंच, दाढी... दाढी... मग हलतं. हललं नाही तर काय करीन ते मला ठाऊक नाही. पण गल्लीत सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय मी, वाण्याला, नळावरच्या बायांना, काकूला निरोप पाठवलाय: बरं झालं तर ते बाळाचं नशीब, वाईट झालं तर मी भोगीन, पण ह्या माणसाच्या गालाकडं बोट करायचं नाही. केलं तर गाठ माझ्याशी आहे.

आज सकाळी अत्ती पहिल्यांदा आपणहून दाढीबद्दल बोलली. देव्हाऱ्यापुढं वात वळत होती, माझ्याकडं पाठ होती. "उद्या अमावस्या आहे गे. उद्या एक दिवस तरी नको."

"उद्या कारखान्याला सुट्टी आहे काय, अत्ती?"

वात वळायची थांबली. "नाही."

"मग करावी लागते."

तिनं वात निरांजनात ठेवली आणि म्हणाली, "मग देऊळ उघडतानाच कर. अमावस्येची गर्दी असते, मला लवकर जायला लागेल."