मी अण्णांना मागणी घातली ती हळद

हसायचंय ना? मग आधीच हसून घ्या. कारण एकदा मी सुरू झालो की मधे थांबणार नाही, आणि चहा गार झाला तर मला बोलायचं नाही!

माणसाच्या हातून गाढवपणा होतो, मान्य. पण भर पबमध्ये, माईक हातात घेऊन, पन्नाशीच्या मिशीवाल्या माणसाला मागणी घालायची? आणि आपण मागणी घालतोय याचा स्वतःलाच पत्ता नाही? असा नमुना अख्ख्या पनवेलमध्ये एकच. तुमच्यासमोर बसलाय.

तर झालं असं, माझं आणि सोनलचं जमलं होतं. मी सुकापूरचा, फ्लॅटमध्ये वाढलेला, गावकी-भावकी काही माहीत नाही. ती पळस्प्याकडची, आगरी, मोठं घराणं. तिचे पप्पा मी कधी पाहिले नव्हते, पण नुसतं ऐकूनच मला घाम फुटायचा. त्यात त्यांनी तिच्यासाठी एक स्थळ बघून ठेवलेलं. बिल्डरचा मुलगा. रविवारी त्या लोकांना शब्द देणार होते.

सोनल म्हणाली, "शनिवारी दादाची हळद आहे. तू ये. हळदीत पप्पा खुशीत असतात. पाया पड, एखादं गाणं म्हण, गाणारी माणसं त्यांना फार आवडतात. मग बोल."

"काय बोलू?"

"मनातलं बोल! फक्त चारचौघांत माझं नाव घेऊ नकोस. मोठे काका तापट आहेत. मी आईला सांगून ठेवते, पप्पांना बरोबर कळेल."

"आणि पप्पांना ओळखायचं कसं?"

"पांढरा शर्ट, भरघोस मिशी, गळ्यात जाड चेन."

आता मला सांगा, आगरी हळदीत या वर्णनाचा माणूस शोधायचा म्हणजे काय? बाजारात 'कांदे विकणारा' शोधण्यासारखं! पण प्रेमात माणूस प्रश्न विचारत नाही. पत्ताही तसाच अर्धवट ऐकला. हायवेच्या कडेला हॉटेल, त्याच्या मागचं लॉन. मी हॉटेल लक्षात ठेवलं. लॉन विसरलो.

शनिवारी सात वाजता रिक्षावाल्यानं हॉटेलसमोर सोडलं. जिन्याला झेंडूच्या माळा, वरून दणदणीत गाणी, आणि पिवळ्या फलकावर मोठ्या अक्षरांत 'हळदी समारंभ'. आता यात चुकायला काही जागा आहे का? मी चढलो!

दारात नऊवारीतला एक दणकट गडी, नाकात नथ, हातात हळदीची वाटी. मला काही वेगळं वाटलं असेल? छे! आमच्याकडे हळदीत एखादा तरी पुरुष लुगडं नेसून नाचतोच, त्याशिवाय मजा काय?

"ये रे ये, लाजू नको," त्यानं माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. "मी महेश. पहिल्यांदाच आलास?"

"हो ना. जाम टेन्शन आलंय."

"सगळ्यांना येतं. घरी माहितीये?"

म्हटलं, वा, सोनलनं यांनाही सांगितलेलं दिसतंय! "नाही अजून. आईला थोडा संशय आहे. पण आज काय ते बोलून टाकायचं ठरवलंय."

महेशच्या डोळ्यांत टचकन पाणी. त्यानं मला मिठीच मारली. "शाब्बास रे वाघा! आम्ही आहोत तुझ्या पाठीशी!"

इतकं प्रेमळ सासर? मी तर हवेतच.

आत बघतो तर सगळे पुरुष पुरुषांबरोबर नाचतायत. मग? हळदीत दुसरं काय असतं? माझे काकासुद्धा शेजाऱ्याच्या कमरेत हात घालून नाचतात. बाटल्याही होत्या. अहो, हळदीला बाटली दिसली नाही तर लोक नवऱ्याची तब्येत विचारतात! मधोमध पाटावर दोन नवरे बसलेले, समीर आणि विकास. दोन कसे? माझ्या डोक्यानं लगेच उत्तर काढलं : दादा आणि त्याचा चुलतभाऊ. एका मांडवात दोन लग्नं, खर्चात बचत.

मी दोघांना हळद लावली. "अभिनंदन! दोघांचं एकदमच?"

"मग काय, वेगवेगळं कसं करणार?" समीर हसला.

"आणि नवऱ्या?"

"नवऱ्या नाहीत," विकास म्हणाला.

बरोबरच आहे! नवरीची हळद नवरीच्या घरी. मी स्वतःच स्वतःच्या खांद्यावर थाप मारली, मनातल्या मनात.

तेवढ्यात माईकवर पुकारा झाला, "कोण गाणार?" कॅराओकेची सोय होती, पडद्यावर शब्द पळत होते. आणि पडद्याशेजारच्या सोफ्यावर कोण? पांढरा शर्ट! मिशी! जाड चेन!

सापडले.

मी धावत जाऊन पायच धरले. ते दचकले. लोक शिट्ट्या मारायला लागले. त्यांना अण्णा म्हणत होते सगळे. मी म्हटलं, असेल, बाहेर अण्णा, घरात पप्पा. मग मी त्यांच्याकडे बघत बघत एक कोळीगीत ठोकून दिलं. सूर? सूर मुंब्र्याला आणि मी पनवेलला! पण टाळ्या अशा की विचारू नका. त्या टाळ्यांच्या जोरावर माईक न सोडता मी सुरू झालो.

"मला आज तुमच्याकडे काहीतरी मागायचंय."

कुणीतरी मागचं संगीत बंद केलं.

"मी साधा मुलगा आहे. नोकरी आहे, व्यसन नाही. मला तुमच्या घरचं माणूस करून घ्या. नाही म्हणू नका!"

अहो, छत उडायचं बाकी राहिलं! महेश पदरानं डोळे पुसतोय. समीर-विकास पाटावर उभे.

अण्णा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरा, तू मला वलखतंस तरी का?"

"सगळं ऐकून आहे! कडक आहात, पण मनानं मोठे."

"आरं पन वयाचा काय? जरा इचार करायला टाईम दे की."

"टाईमच नाही ना! उद्या तुम्ही त्या दुसऱ्याला शब्द दिलात तर मी संपलो!"

"दुसरा?" अण्णा उडालेच. "दुसरा कोन हाय?"

महेश किंचाळला, "अण्णाऽऽ! दुसरापण आहे? आणि आम्हाला पत्ता नाही?"

"मला तरी कुठं पत्ता हाय!" अण्णा रडकुंडीला आले.

आणि नेमका तेव्हा माझा फोन वाजला. सोनल.

"मंदार, कुठे मेलायस?"

"इथेच! हळदीत! पप्पांच्या पाया पडलो, गाणं म्हटलं, बोललो पण! ते फक्त वेळ मागतायत."

पलीकडून हळू आवाजात, "पप्पा माझ्या शेजारी उभे आहेत. मटण वाढतायत."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "मग तुम्ही कोण?" मी विचारलं. माईकवर. माईक अजून चालूच होता.

सगळा उलगडा व्हायला पाच मिनिटं गेली आणि हसणं थांबायला त्याहून जास्त. समीरनं मला पाणी दिलं. "अरे, हा आमचा पब आहे. इथे सगळे आमच्यासारखे, गे. मी आणि विकास किती वर्षं एकत्र राहतोय. घरचे काही आम्हाला हळद लावणार नाहीत, म्हणून मग या मंडळींनी घाट घातला."

"आणि तू घरी सांगणार होतास ते?" महेशनं विचारलं.

"ते सोनलचं!"

"मेल्या, माझं काजळ गेलं ना तुझ्या पायी!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एक सांगू? त्या दोघांच्या गालांवर माझ्या हातची हळद होती. ती लावली याचं मला आजही बरं वाटतं.

अण्णा उठले. "त्या पोरीचा बाप कुठं हाय?"

"मागच्या लॉनवर."

"मंग बसलाव कशाला? चला! पोरगा असा हात हालवत जानार नाय!"

आणि निघाली वरात. पुढे अण्णा, मागे मी, त्यामागे नऊवारीतला महेश, दोन पिवळेधमक नवरे आणि अख्खा पब, नाचत. लॉनवर कुणी एका शब्दानं विचारलं नाही, तुम्ही कोण म्हणून. हळदीत कोण विचारतं? सोनलची काकी तर समीर-विकासला बघून म्हणाली, "तुमची पन हळद हाय?"

"हो," विकास म्हणाला.

"मंग हुबं काय ऱ्हायलाव? बसा पाटावर!" आणि तिथल्या बायांनी त्या दोघांसाठी अख्खी हळद नव्यानं गायली. समीर गाणं संपेपर्यंत रडत होता.

मी मात्र पप्पांसमोर. खरे पप्पा. पांढरा शर्ट, मिशी, चेन. तोंड उघडलं आणि... काही नाही. हवा! सगळं भाषण वर अण्णांवर खर्च झालेलं.

"कोन रं तू?" पप्पांनी विचारलं.

मी 'म' म्हटलं. बाकीचा 'मंदार' आलाच नाही.

अण्णा पुढे सरकले. "शेठ, पोरगा आपला हाय."

"तुमी कुठलं?"

"उरनचा."

झालं! मिठागरं कुणाची, जमिनी कुणाच्या गेल्या, खाडीला आता मासा का नाही, दोघांचं अर्धा तास चाललं. शेवटी अण्णा म्हणाले, "याच्या मनात तुमची पोरगी हाय. आताच मी याला मागनी घालताना आयकला. अशी मागनी घालनारा मी जल्मात बगला नाय!"

खोटं होतं का यात काही?

पप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "उद्याचा शब्द थांबवतो. घरी या बोलनी करायला."

पुढच्या आठवड्यात मी आई-बाबांना घेऊन गेलो. सोनलचे पप्पा फाटकाकडेच बघत बसलेले.

"अण्णा नाय आले?"

"कोण अण्णा?" बाबांनी विचारलं.

"पोराचे वडील."

"पोराचा वडील मी आहे," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. सगळेच वळले.

सांगावं लागलं. पब, पाट, माईक, मागणी, सगळं. तेही इतकं अडखळत की मधे मधे सोनलला पुरं करावं लागलं. आईनं डोक्याला हात लावला. बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. सोनलचे पप्पा मिशी पिळत बसले.

शेवटी म्हणाले, "पोरगी देतो. पन मला एक सांगा, दोन-दोन बाप असून एकालाबी याला धड बोलायला शिकवता आला नाय?"