शेषराव अण्णांनी न घेतलेलं अपडेट

शेषराव अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोळारच्या ऑफिसात होतो. आधी वाईट वाटलं नाही, आधी सुटल्यासारखं वाटलं… हे कबूल करायला मला दोन महिने लागले.

अण्णा कमठाण्याचे, गोदामातले निवृत्त मुकादम. आमच्या बियाणे मंडळात सात गावं. कुणी कुठलं गावरान बियाणं कुणाला दिलं, याची नोंद आम्ही ब्लॉकचेनवर ठेवतो. म्हणजे एकच वही सातही गावांच्या संगणकांवर. एकानं परस्पर खोडलं तर बाकी सहांना कळतं. ते सॉफ्टवेअर मी लिहिलेलं, खुल्या परवान्याचं. कुणीही वापरावं, बदलावं, पुढं द्यावं. हे परवान्याचं प्रकरण मला काही केल्या समजावता येईना. अण्णांनी एका दमात उरकलं. "बियाणं दिलं म्हंजे पेरायचा हक सुदिक दिला. धरून कामून बसायलास?"

अपडेट आलं की त्याचा कागद बैठकीत मोठ्यानं वाचायचा, मगच हात वर, हा मंडळाचा नियम. मराठी मी करायचो, वाचायचे अण्णा. 'सुरक्षेतील त्रुटी दूर केल्या' आलं की म्हणायचे, "कडी बदललीय दाराची." मधेच थांबून, "झोपलास का रे माणिक? तुज्याच करडीचं चाललंय." लोक अपडेटसाठी कमी आणि या वाचनासाठी जास्त यायचे.

मग एका कंपनीनं मला कोळारला नोकरी दिली आणि पुढच्या अपडेटमध्ये परवाना बदलायला लावला: यापुढं कंपनीच्या परवानगीशिवाय कुणी कोडला हात लावायचा नाही. मी बदलला. मराठी कागदात तेवढं एक वाक्य घेतलं नाही. अण्णांनी तो कागद वाचला, आणि त्यांच्या आवाजावर विसंबून सगळे हात वर गेले.

चपला घालताना म्हणाले, "आज लई लवकर सरला की कागद."

"छोटंच हाय, अण्णा."

ते हसले. आठव्या दिवशी गेले.

अण्णांच्या पुण्यानुमोदनानंतरच्या बैठकीत वाचायचा कागद माझ्याच हातात आला. मागच्या कागदातून गाळलेलं ते वाक्य मी वाचून दाखवलं. मग माणिक म्हणाला, "अण्णा असते तर तुला भायेर काढले असते."

"आदी चा पाजले असते," अण्णांच्या बायको, आमच्या सगळ्यांच्या अक्का, म्हणाल्या. "मग काढले असते."

सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि रडूही.

पण मागं फिरायचं कसं? नवी आवृत्ती चढली की जुनी पुसली जाते. माझ्याकडची खुली प्रत मीच कंपनीला देऊन बसलो होतो.

"आमच्या घरचा संगणक बगा की," अक्का म्हणाल्या. "नवं आलं की ह्ये पंद्रा दिस थांबायचे. आदी दुसऱ्याच्या रानात उगवू दे, म्हणायचे."

राजीनामा देऊन दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या खोलीत गेलो. अक्कांनी संगणकावरचं जुन्या इरकली लुगड्याचं झाकण काढलं. यंत्र सुरू झालं. जुनी आवृत्ती शाबूत होती, परवान्यासकट. तेवढ्यात पडद्यावर चौकट उमटली: नवी आवृत्ती आली आहे, आता घ्यायची का?

"रोज इचारतंय त्ये," अक्का म्हणाल्या. "रोज सकाळी न्हाई म्हणायचे त्येला, पार चुलीपाशी ऐकू यायचं. तू बी म्हण."

मी 'नाही'वर बोट नेलं.

"तोंडानं," अक्का म्हणाल्या.

"न्हाई," मी म्हणालो.

"मोठ्यानं म्हण की."