काजातून दिसलेलं शहर

आमच्या विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाची आई. आम्ही दोघी एकाच घरात, एकाच खोलीत राहतो हे ऐकलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात. दया करायचीच तर माझ्या लेकीची करावी. तिला दोन्हीकडून ऐकावं लागतं.

विहीणबाईंनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे दुरुस्त केले. नवे शिवले नाहीत. घट्ट झालेले बाहेर सोडले, ढगळ झालेले आत घेतले, उंची कमी केली, चेन बदलल्या. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा, मशीन आणि त्या मावतील एवढीच. नवरा लवकर गेला. जावईबापू तेव्हा तीन वर्षांचे. कापायच्या टेबलाखाली, कातरणांच्या ढिगावर झोपून ते वाढले. घर ते दुकान आणि दुकान ते घर. हे शहर केवढं आहे ते बाईंना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायला सवड नव्हती.

मागच्या वर्षी त्यांना न्हाणीघरात झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू सुधारला, हात मात्र अर्धवटच राहिला. व्यायाम करून घ्यायला एक बाई येत असत. त्या शेवटच्या दिवशी बजावून गेल्या, "आता चालायचं. रोज. पाऊस असो, पाहुणे असोत." विहीणबाईंनी ते इतकं मनावर घेतलं की एकदा कोणाला न सांगता पार बाजारापर्यंत जाऊन आल्या. जावईबापू कामावरून धावत घरी आले, तर आई निवांत चहा पीत बसलेली. मी केलेला चहा, आणि वर "साखर कमी आहे" म्हणत.

नातीने तोड काढली. "शिवणआजी, तू मोबाईल घेऊन जा. चालता चालता व्हिडिओ काढ, आपल्या घरच्या ग्रुपवर टाक. म्हणजे बाबांना कळेल तू कुठे आहेस."

"उजव्या हातात काठी. डावा हात कामाचा नाही. मोबाईल काय दातात धरू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाई मशीनवर. कापडाच्या एका टोकावर इस्त्री ठेवलेली, दुसरं टोक उजव्या हातात. नातीने चार सुया ओवून दिल्या होत्या, कारण एका हाताने दोरा ओवता येत नाही. दुपारपर्यंत कमरेला बांधायचा एक खिसा तयार झाला, मोबाईलच्या मापाचा. आणि कॅमेऱ्याचा डोळा जिथे येतो, बरोबर तिथे एक काज. बटणाला करतात तसं, चहूबाजूंनी टाके घातलेलं. मी म्हटलं, "विहीणबाई, डोळ्याला काज करणाऱ्या जगात तुम्हीच पहिल्या."

"बटण लावू का तुमच्या तोंडाला?" त्या म्हणाल्या.

आता गंमत अशी, की चाळीस वर्षं मशीनवर वाकून बाईंना पोक आलंय. त्यामुळे कमरेवरचा मोबाईल सरळ बघतच नाही, खाली बघतो. घरच्या ग्रुपवर पहिला व्हिडिओ आला तेव्हा त्यात एकाही माणसाचं तोंड नव्हतं. नुसते पाय. पाय, बूट, पॅंटच्या कडा, झग्यांच्या दुमडी, आणि वरून बाईंचा आवाज.

"आज फेरी पहिली. हवा बरी आहे, मीही बरी आहे. हे जे समोरून येतायत त्यांच्या पॅंटचा डावा पाय अर्धं बोट लांब आहे. शिवणाऱ्याचं लक्ष नव्हतं, आणि घालणाऱ्याचंही नाही. बायको नसेल. किंवा असेल आणि भांडण असेल."

आम्ही हसून हसून बेजार झालो. तेव्हापासून घरातला रिवाजच पडला. संध्याकाळी जेवायच्या टेबलावर मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि विहीणबाईंची फेरी बघायची. त्या स्वतः शेजारी बसून, दुसऱ्या कोणाचं असावं तसं लक्ष देऊन बघायच्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसायच्या.

फेरी चौथीत त्यांनी नदीवरचा पूल पाहिला. पूल आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. "इथे नदी आहे हे मला कोणी सांगितलं कसं नाही?" असं त्या व्हिडिओत विचारतात. फेरी सातवीत एका बंद दुकानासमोर त्या बराच वेळ थांबल्या. दिसत होतं ते फक्त खाली ओढलेलं शटर. आवाज आला, "जिन्याखालची माझी जागा. इथे उन्हाळ्यात पायाखाली ओलं पोतं टाकून बसायचे. एका हिवाळ्यात सलग नऊ दिवस गिऱ्हाईक आलं नाही, तेव्हा मी स्वतःचाच कोट उसवून पुन्हा शिवला. हात बसून राहू नये म्हणून." मग व्हिडिओतला आवाज म्हणाला, "असो. शटरला गंज लागलाय. पुढे चला."

अकरावी फेरी मला विशेष आवडते. मोठ्या रस्त्यावर पलीकडच्या बसस्थानकाकडे नेणारा पायी जायचा उंच पूल आहे. त्याच्या पायथ्याशी एक झाडूवाली भेटली. तिच्या गणवेशाच्या पॅंटची दुमड उसवून पायात येत होती. बाईंनी तिला तिथेच पायरीवर बसवलं, ओवलेली सुई काढली, तिचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि हेम घातली. व्हिडिओत पूर्ण वेळ एक बूट आणि बाईंचा उजवा हात दिसतो. झाडूवाली विचारते, "आजी, तुमचं काही काम होतं का इकडे?" बाई म्हणतात, "हेच होतं."

पण त्यांना खरं काम वेगळंच होतं, आणि ते त्याच पुलाच्या पलीकडे होतं.

त्यांची थोरली बहीण बसने सहा तासांवरच्या गावात राहते. आई गेल्यावर हिनेच धाकटीला वाढवलं, सुई धरायला शिकवलं. अकरा वर्षांत भेट नाही. थोरलीचे डोळे विझत चालले होते. फोनवर ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिने अजून थोडं दिसेल. मग अंधारच. तू येत असशील तर दिसतेयस तोवर ये."

विहीणबाईंनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "मी बहिणीकडे जाणार."

"सुट्टी मिळाली की मी नेतो," जावईबापू म्हणाले.

"सुट्टी कधी?"

"वर्षाअखेर."

"तेव्हा ती मला हाताने चाचपून बघेल."

"आई, तू न्हाणीघरात पडली होतीस. एकटीला बसमध्ये बसवून मी इथे काम करू शकेन का?"

माणूस वाईट नाही. आई जमिनीवर पडलेली त्यानेच पहिल्यांदा पाहिली होती, ते काही त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. आठ दिवस वाद चालला. शेवटी वैतागून त्याने अट घातली: घरापासून बसस्थानकापर्यंत, पुलाच्या चोपन्न पायऱ्या चढून, पलीकडे उतरून, तिकीट खिडकीपर्यंत, कोणाचाही हात न धरता जाऊन दाखव. व्हिडिओ हवा. मग तिकीट काढतो. त्याला वाटलं आई गप्प बसेल. त्याला आईची ओळख अजून व्हायची होती.

परीक्षेसाठी बाईंनी नवा खिसा शिवला. चांगल्या निळ्या कापडाचा, आतून मरून अस्तर लावलेला. मी म्हटलं, "लग्नाला निघालात का?" म्हणाल्या, "मोठ्या कामाला अस्तर हवंच."

गेल्या आणि दीड तासाने तिकीट खिडकीपाशी पोचल्याचा फोन आला. लेक जाऊन त्यांना घेऊन आली. परतीची अट नव्हती. संध्याकाळी आम्ही सगळे टेबलाभोवती बसलो. नातीने मोबाईल तांब्याला टेकवला आणि व्हिडिओ लावला.

पडद्यावर मरून रंग. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली, मरूनच.

"बिघडलाय का?" लेक म्हणाली.

विहीणबाईंनी खिसा उचलून उलटा केला आणि त्यांचा चेहरा उतरला. निळ्या कापडाला सुरेख काज होतं. अस्तराला नव्हतं. चाळीस वर्षं शिवणकाम करून बाई अस्तराला काज करायला विसरल्या होत्या. एरवी मी त्यांना सहा महिने टोमणे मारले असते.

"चित्रच नाही," जावईबापू म्हणाले. "आई, मी काय समजायचं?"

"बंद करू नकोस," मी म्हटलं. "ऐक तरी."

नातीने व्हिडिओ पुढे सरकवला. काठीचा आवाज येत होता. टक. "चोवीस." टक. "पंचवीस." श्वास फुललेला. टक. "एकतीस." मग काहीच नाही. रस्त्यावरच्या गाड्या. बराच वेळ.

"थांबले आहे," बाईंचा आवाज आला. "पडलेले नाही. लिहून ठेवा."

पुन्हा नुसता श्वास. मग हळू, स्वतःशीच बोलावं तसं, "तापाने फणफणला होता. दवाखान्याची लिफ्ट बंद. याला कडेवर घेऊन तीन मजले चढले. तेव्हा नाही कोणी म्हणालं, आधी चढून दाखव."

जावईबापूंनी घास खाली ठेवला.

"अहो आजी!" दुसराच आवाज. झाडूवालीचा. "इथे मधेच काय उभ्या? हात द्या."

"हात लावायचा नाही. परीक्षा चालू आहे."

"कसली परीक्षा?"

"मुलाने घेतलीय. बहिणीकडे जायचंय मला."

"मुलगा हेडमास्तर आहे का?"

"नाही गं. घाबरट आहे."

नात खुदकन हसली आणि तोंडावर हात धरून बापाकडे बघू लागली.

"बरं, नाही लावत हात," झाडूवाली म्हणाली. "पण मी मागून येते. पायऱ्या मला झाडायच्याच आहेत."

आणि मग काठी, टक, "बत्तीस", आणि मागे झाडूचा सपकारा. टक, "तेहतीस", सपकारा. पायऱ्या वरून खाली झाडतात, हे ज्याने आयुष्यात एकदा झाडू धरलाय त्याला कळतं. ही बाई खालून वर झाडत निघाली होती. पंचेचाळीस. पन्नास. आमच्या टेबलावर सगळे मनातल्या मनात मोजत होते, आणि त्रेपन्नला नात मोठ्याने ओरडली, "एकच राहिली!" जणू ते आत्ता घडत होतं.

"चोपन्न," व्हिडिओतल्या विहीणबाई म्हणाल्या. "आता उतरणं. तू पुढे हो, मागून झाडलंस तर धूळ माझ्या अंगावर येईल."

जावईबापू उठले, मोरीवर जाऊन उगाच तोंड धुतलं, परत येऊन बसले. भाजी गार झाली होती. म्हणाले, "आई, परवाची गाडी बघू की तेरवाची?"

"परवाची. आणि घाबरट म्हटलं ते रागाने नाही."

"माहीत आहे. खरंच आहे ते."

"मग बॅग धरायला बसच्या दारापर्यंत ये. पुढे नको."

त्या रात्री नातीने बारा सुया ओवून दिल्या. अस्तराला काज मी करून दिलं. वाकडं झालं. बाईंनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत, यावरून त्या किती आनंदात होत्या ते समजा.

गेले चार दिवस माझ्याकडून सकाळी सवयीने दोन कप चहा होतोय आणि एक गार होतोय. पोचल्या त्याच संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ आला. आधी बसमधले पाय. त्यात कोणाची बाही शिव, कोणाचा खिसा सांध, असं करत बारा सुया प्रवासातच संपलेल्या. मग एक दार, आणि दारात चपला घातलेली दोन म्हातारी पावलं. वर फिक्या रंगाचा गाऊन, त्याची कड उसवलेली आणि तिला पीन लावलेली.

"ही पीन कोणी लावली? पायाला टोचेल की."

"अकरा वर्षांनी आलीस आणि आधी माझा गाऊन धरलास?" थोरलीचा आवाज. "वर बघ ना. मला तुझं तोंड बघू दे."

मग मोबाईल हलला आणि बराच वेळ भिंत दिसत राहिली. दोघी काय करत होत्या ते मी सांगायला नको.

नंतर त्या पलंगावर बसल्या असाव्यात, कारण काजातून आता हात दिसत होते. विहीणबाईंचा एक, थोरलीचे दोन.

"सुया ओवलेल्या संपल्या गं. मला एका हाताने ओवता येत नाही."

"मला भोक दिसत नाही."

"तू सुई धर. घट्ट. मी दोरा घालते."

"हलवू नकोस."

"तूच हलतेयस!"

पहिल्यांदा दोरा बाहेरून गेला. दुसऱ्यांदा दोघी हसायला लागल्या त्यामुळे सुई हलली. तिसऱ्यांदा कोणी श्वास घेतला नाही, त्यांनीही नाही आणि इकडे टेबलावर आम्हीही नाही.

"गेला?" थोरलीने विचारलं.

"गेला. आता गाठ तू मार, तुझी गाठ चांगली बसते."