गॅदरिंगसाठी चार ब्लाऊज

मैत्रिणींनो, या ग्रुपात आमच्या गावातलं कुणी नाही, म्हणून इथं लिहितेय. मुलीचं नाव बदललंय.

पाटसजवळ माझं शिवणकाम आहे. रविवारी गावातल्या मुली शिकायला येतात. शिवण थोडं, बोलणं जास्त. शाळा, पाळी, लग्नाचं वय, सगळं बोलतो. नववीतली ऋतुजा त्यातलीच.

आज दुपारी तिची आई तिला घेऊन आली. "शाळेत गॅदरिंग हाय. हिला ब्लाऊज शिवा."

पिशवीतून चार कापडं निघाली. एक जरीचं.

"गॅदरिंगला चार कशाला, वहिनी?"

"नाच हायेत की चार."

बरं म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "आत शिलाई जास्त सोडा. पुढं अंग भरलं तर उसवता यावं."

एका दिवसाच्या नाचाला कोण शिलाई सोडायला सांगतं? नवरीच्या ब्लाऊजला सांगतात.

तेवढ्यात शिरूरहून कुणाचा तरी फोन आला आणि त्या बोलायला बाहेर गेल्या. मी ऋतुजाच्या खांद्याचं माप घेत होते. ती टेपकडेच बघत हळूच म्हणाली, "ताई, लवकर शिवू नका."

कापडं तशीच ठेवलीत, कात्री लावली नाही. पोलीस पाटलांना सांगावं तर ते त्यांच्याच भावकीतले. त्यांनी आधी वहिनींनाच फोन केला तर? लग्न लावून पोरगी रातोरात शिरूरला धाडतील.

तुम्ही आधी कुणाकडे गेला असता? लवकर सांगा. वहिनी परवा ब्लाऊज न्यायला येतायत.